पाचशे बारा

प्रांजली बिराजदारने सात वर्षांत सतराशेच्या वर सराव परीक्षा दिल्या आणि त्या सगळ्यांत तिला पाचशे बाराच्या आसपास गुण पडले. कधी पाचशे दहा, कधी पाचशे चौदा. त्याच्या वर ती कधी गेली नाही आणि खालीही कधी आली नाही. तिला पगार मिळायचा तो याच गोष्टीचा.

लातुरात ट्यूशनच्या गल्लीच्या टोकाला समतोल मूल्यमापन केंद्राची तीन मजली इमारत होती. रोज सकाळी साडेआठला प्रांजली तिथे जायची, दाराबाहेर चपला काढायची, कपाळाला पट्टी बांधून घ्यायची आणि त्या दिवशीची नवी प्रश्नपत्रिका सोडवायला बसायची. वैद्यकीय प्रवेश परीक्षेची असते तशीच. एकशे ऐंशी प्रश्न, तीन तास, सातशे वीस गुण. बारा वाजता पट्टी काढली की कपाळावर आडवा वळ उमटलेला असायचा. तो संध्याकाळपर्यंत जायचा नाही.

बारावीनंतर तिने ही प्रवेश परीक्षा चार वेळा दिली होती. पाचशे अकरा, पाचशे तेरा, पाचशे बारा, पाचशे बारा. प्रवेशाला लागत होते त्याहून पुष्कळ कमी. चौथ्या निकालानंतर ती आठ दिवस घराबाहेर पडली नव्हती. नवव्या दिवशी केंद्राचे पत्र आले. तुमचे चारही निकाल आम्ही पाहिले, तुम्हाला आमच्याकडे नोकरी करायला आवडेल का, असे त्यात विचारले होते. जे गुण घेऊन तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्याच गुणांसाठी कुणीतरी तिला बोलावत होते.

त्याचे कारण असे होते. तोपर्यंत प्रश्नपत्रिका यंत्रेच काढू लागली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला रोज वेगळी पत्रिका मिळायची, म्हणजे कुणाची नक्कल नाही आणि पेपर फुटायची भीती नाही. पण वेगवेगळ्या पत्रिकांतले गुण एकमेकांशी ताडून बघायचे तर प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे ते आधी कळायला हवे. यंत्राला सगळीच उत्तरे येत होती, त्यामुळे सतरा वर्षांचे पोर नेमके कुठे अडखळेल ते त्याला सांगता येईना. मग यंत्रांनी नकली विद्यार्थी तयार केले. खरी मुले यंत्रांकडून शिकत होती आणि नकली विद्यार्थी त्या मुलांवरून घडत होते, तेव्हा दोन-तीन वर्षांत मापच घसरले. एका साली राज्यातल्या निम्म्या मुलांना सरावात सहाशेच्या वर गुण पडत होते आणि खऱ्या परीक्षेत त्यांतल्या बहुतेकांना साडेचारशेही मिळाले नाहीत. त्या उन्हाळ्यात काय काय झाले ते लातूरमध्ये अजून कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्यानंतर माप म्हणून माणसे ठेवायचे ठरले. ज्यांची तयारी वाढत नाही आणि उतरतही नाही, अशी माणसे. त्यांना मानक म्हणायचे. नवा प्रश्न आधी मानकांनी सोडवायचा. पाचशे बाराच्या माणसाला तो आला की नाही यावरून प्रश्नाचे वजन ठरायचे आणि मगच तो मुलांच्या पत्रिकेत जायचा. राज्यभरात साठ मानक होते, लातूरच्या केंद्रात अकरा.

कपाळाची पट्टी त्यासाठीच होती. ओळखीची गोष्ट समोर आली की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत एक विजेची लहर उठते. अनोळखी गोष्टीला ती उठत नाही. आठवायला जोर लावला की डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पट्टी आणि पडद्यावरचा कॅमेरा मिळून हे दोन्ही मोजायचे आणि उत्तर आठवून दिले, विचार करून काढले की अंदाजाने ठोकून दिले, ते सांगायचे. उत्तर बरोबर होते की चूक, हे मात्र मानकाला कधीच सांगायचे नाही, असा नियम होता. माणूस रोज आठवत राहिला तर विसरत नाही आणि चूक दाखवली नाही तर सुधारतही नाही. जिथे आहे तिथेच राहतो. त्याच्या चुकाही त्याच्याबरोबर पक्क्या होत जातात.

मानकाने पुस्तक उघडायचे नाही, कुणाला शिकवायचे नाही, कुणाकडून शिकायचे नाही. आयुष्यात मोठा बदल होणार असेल तर महिनाभर आधी कळवायचे. फैयाज सय्यद हे केंद्रातले सगळ्यांत जुने मानक. त्यांची पत्नी वारली तेव्हा पंधरवड्यात त्यांचे तीस गुण उतरले. केंद्राने दोन महिने वाट पाहिली आणि मग पुष्पगुच्छ देऊन त्यांना निरोप दिला. प्रांजलीला दोन स्थळे सांगून आली होती. मुलगी काय करते, असे पाहुण्यांनी विचारले तेव्हा तिचे वडील म्हणाले की परीक्षा देते. “अजून?” असे मुलाच्या आईने विचारले आणि बोलणे तिथेच संपले. प्रांजलीला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटायलाही जोर लागतो आणि तो तिच्यात दुपारी बारानंतर उरत नसे.

तिची बहीण तनिष्का तिच्याहून दहा वर्षांनी लहान. ती दहावी झाली आणि तिने जीवशास्त्र घेतले, तेव्हापासून घराची रीत बदलली. वडील मन्मथअप्पा बाजार समितीत मापाडी होते, आई एका मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. घर दोन खोल्यांचे. प्रांजली आत आली की तनिष्का पुस्तक मिटायची. ती मोठ्याने पाठ करत असली तर प्रांजली कानात बोळे घालून ओट्यापाशी बसायची. तनिष्काच्या ट्यूशनमध्ये काही विचारायचे झाले तर ते अप्पा विचारायचे आणि अप्पांना त्यातले काही समजायचे नाही. एकदा प्रांजलीने आपण नोकरीला लागताना सही केलेला कागदच तनिष्कापुढे ठेवला होता. त्यात लिहिले होते की मानकाने घरातल्या उमेदवाराला शिकवल्याचे आढळल्यास मानकाची नोकरी जाईल आणि उमेदवाराची त्या वर्षीची पात्रता रद्द होईल. मानक प्रश्न आधी पाहतात, तेव्हा हे रास्तच होते. तनिष्काने तो वाचला आणि परत कधी काही विचारले नाही. हळूहळू तिने बाकीच्या गोष्टी सांगणेही सोडून दिले.

तनिष्काच्या बारावीच्या साली सरकारने आणखी एक गोष्ट केली. केंद्राचे माप आता इतके अचूक झाले होते की सराव परीक्षेतले गुण आणि खऱ्या परीक्षेतले गुण यांत चार-पाचांपेक्षा जास्त फरक पडेनासा झाला. मग सगळ्यांना खऱ्या परीक्षेला बसवायचेच कशाला, असा विचार निघाला. एप्रिलच्या शेवटी एक महासराव घ्यायचा, त्यात साडेचारशेच्या वर असतील त्यांनाच मुख्य परीक्षेला बसू द्यायचे.

तनिष्का चारशे तिसावर होती. जानेवारीतही चारशे तीस, मार्चमध्येही चारशे तीस.

मार्चच्या अखेरीस एका रविवारी दुपारी प्रांजली उठली तेव्हा तनिष्का मोरीपाशी भिंतीला टेकून बसली होती. ताटातली भाकरी तशीच वाळून गेली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली की ती महासरावाला जाणार नाही. शांतपणे, उद्या दूध घ्यायचे नाही असे सांगावे तसे म्हणाली. मग म्हणाली, “ताई, माझाही आकडा ठरला बघ. मलाही तुमच्याकडं घ्या म्हणावं.”

प्रांजली दार लोटून आली. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. मग ती तनिष्काजवळ बसली आणि तिने विचारले की अडते कुठे.

अडत होते ते साधेच होते. तराजूवर पाण्याचे भांडे ठेवले आहे. दोरीला बांधलेला दगड त्यात सोडला, तळाला टेकू दिला नाही. तराजूचा आकडा वाढेल का? तनिष्काने उत्तर पाठ केले होते, पण तिला ते पटत नव्हते. प्रांजलीलाही पटले नाही. दगडाचे वजन दोरीने धरले आहे, दोरी हातात आहे, मग तराजूला काय कळणार? गेली अकरा वर्षे ती या प्रश्नाला हेच उत्तर देत आली होती.

अप्पांचा एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा पलंगाखाली होता. दोघींनी तो काढला. वर बादली ठेवली, अर्धी भरली. वरवंट्याला सुतळी बांधली. तनिष्काने सुतळी धरली आणि वरवंटा हळूहळू पाण्यात सोडला. काट्यावर पाच किलो चारशे होते. वरवंटा बुडाला, तळाला लागला नव्हता, आणि आकडा पाच किलो नऊशे साठ झाला.

प्रांजलीने तो वर ओढायला सांगितला. पाच चारशे. परत सोडायला सांगितला. पाच नऊशे साठ.

“हाताला हलकं लागतंय का?” तिने विचारले.

“लागतंय.”

“किती?”

तनिष्काने वरवंटा पुन्हा एकदा वर-खाली केला. “तेवढंच,” ती म्हणाली. “जेवढं तिथं वाढलंय, तेवढंच हाताला कमी झालंय.” पाणी दगडाला वर ढकलते, म्हणजे दगडही पाण्याला तेवढाच खाली ढकलतो, आणि ते ओझे कुठे जाणार, काट्यावरच येणार. हे दोघींना एकदमच समजले. कोण आधी बोलले ते नंतर दोघींनाही आठवेना.

प्रांजलीला सात वर्षांत काही समजले नव्हते. समजण्याचा हा असा एक झटका असतो, हेच ती विसरली होती. तिने बादली मोरीत ओतली, काटा पुसून पलंगाखाली ठेवला आणि मग तिच्या लक्षात आले की आपण नियम मोडला आहे.

दुसऱ्या दिवशी ती तनिष्काजवळ बसणार नव्हती. पण बसली. त्यानंतर रोज दुपारी, आई-अप्पा येईपर्यंत, दोघी बसू लागल्या. केंद्रात पाहिलेला एकही प्रश्न प्रांजलीने कधी सांगितला नाही. दोघी पुस्तक घ्यायच्या आणि जे दोघींनाही येत नव्हते तिथून सुरुवात करायच्या. तनिष्काचे गुण चारशे चाळीसवर गेले, मग चारशे बावन्न, मग एके दिवशी चारशे त्रेसष्ट. ती जेवू लागली. मैत्रिणींच्या गोष्टी सांगू लागली. अप्पांनी काही विचारले नाही, पण एकदा येताना खरबूज घेऊन आले आणि दोघींच्या मध्ये ठेवून गेले.

केंद्रात मात्र प्रांजलीचे हाल होऊ लागले. पूर्वी ज्या प्रश्नाचे उत्तर आले नसते त्याचे आता येत होते. बरोबर उत्तर द्यावे तर प्रश्न सोपा ठरणार, त्याचे वजन उतरणार, राज्यभरातल्या मुलांना तो सोडवूनही कमी गुण पडणार. म्हणून ती मुद्दाम चुकायला लागली. पण तेही जमेना. पूर्वी आपण नेमके कुठे आणि कसे चुकलो असतो, हे तिला आता आठवत नव्हते. न येणे ही गोष्ट एकदा गेली की परत आणता येत नाही, नक्कल करूनही नाही. तिच्या अंदाजाने चुकलेले उत्तर कधी फार चुकीचे व्हायचे, कधी पुरेसे चुकीचे व्हायचे नाही. तीन तासांनी ती उठायची तेव्हा मान दगडासारखी झालेली असायची.

महासरावाच्या प्रश्नांचे वजन ठरवायचे काम अकरा दिवस आधी सुरू झाले. पहिल्याच सकाळी छत्तिसावा प्रश्न आला. तळ्यात होडी, होडीत दगड, तो दगड पाण्यात टाकला तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तीच राहील? उतरेल. तिला विचारही करावा लागला नाही. ती पडद्याकडे बघत बसली. मग तिने पट्टी सोडली आणि ती निटूरे मॅडमच्या खोलीत गेली.

निटूरे मॅडम केंद्राच्या मापन विभागाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. प्रांजलीने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. सांगून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

“मला आठ दिवसांपूर्वीच दिसलं होतं,” त्या म्हणाल्या.

पट्टीचा अहवाल त्यांच्याकडेच येत होता. ओळखीची लहर जिथे कधी उठली नव्हती तिथे उठायला लागली होती आणि तरी उत्तरे चुकत होती. त्यांनी कुणाला कळवले नव्हते. एक मानक बाद झाला तर त्याने तोललेले सगळे प्रश्न पुन्हा तोलावे लागतात, आणि महासराव अकरा दिवसांवर होता. त्या म्हणाल्या की त्यांनाही आता दर वर्षी नवी धावपळ सोसत नाही. दोन दिवस रजा घे, डोकं शांत कर, आणि नेहमीसारखी येऊन लिही. आपण दोघी काही बोललोच नाही असे समजू.

प्रांजलीने विचारले, “मी अशीच लिहीत राहिले तर किती फरक पडेल?”

एक मानक वीस गुणांनी हलला की पूर्ण माप दीड गुणाने सरकते, असे मॅडमनी सांगितले. दीड गुण म्हणजे काहीच नाही. फक्त साडेचारशेच्या रेषेवर एकेका गुणावर चार-चार हजार मुले उभी असतात.

“आणि माझ्या बहिणीचं?”

“तू लेखी दिलंस तर तिचं नाव मला काढावं लागेल. तू शिकवलंस, यात वाद नाही. पेपर फुटला की नाही ते मग कोणी बघत बसत नाही.” मॅडमनी चष्मा परत घातला. “म्हणून म्हणतेय, रजा घे.”

संध्याकाळी अप्पा घरी आले तेव्हा प्रांजली त्यांच्याजवळ बसली. अप्पांना तिचे काम इतरांपेक्षा नीट कळत होते. समितीत दर साली वजनमापाचे निरीक्षक यायचे, त्यांच्याजवळ मखमलीच्या खोबणीत पितळी वजने असायची. त्यांना उघडा हात लावायचा नाही, घामाने वजन बदलते, हे अप्पांनीच तिला लहानपणी सांगितले होते. बत्तीस वर्षांत त्यांनी काट्याला बोट लावल्याचे कुणी म्हटले नव्हते. शेतकरी अडत्याशी भांडायचा, पण मन्मथअप्पांनी सांगितलेला आकडा मानायचा.

त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“तू गप्प राहा, माय,” ते म्हणाले. “पोरीचं वर्ष जाऊ देऊ नको.”

ते एवढे बोलले आणि उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. प्रांजली त्यांच्यामागे गेली नाही. आपल्याकडे बघायचे त्यांनी टाळले हे तिच्या लक्षात आले होते. आपल्यामुळे त्यांना असे बोलावे लागले याचेच तिला जास्त वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी ती रजेवर होती. दुपारी नेहमीच्या वेळी तनिष्का पुस्तक घेऊन बसली आणि प्रांजलीने तिला पुस्तक मिटायला लावले. मॅडम काय म्हणाल्या, अप्पा काय म्हणाले, तिने लेखी दिले तर काय होईल, सगळे सांगितले. काही लपवले नाही. तनिष्का ऐकताना सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

“तुला काय वाटतं?” प्रांजलीने विचारले.

“मला नको विचारू.” तनिष्काचा आवाज अगदी बारीक होता. “तुला सांगायचं असेल तर सांग. पण मी हो म्हणणार नाही. तेवढं माझ्याकडून घेऊ नको.”

प्रांजलीने मान हलवली. ते खरेच होते. आपला निर्णय तिच्या तोंडून वदवून घ्यायला आपण आलो होतो, हे तिला तेव्हा कळले.

रात्रभर तिने चार हजार मुले डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ती येत नव्हती. समोर येत होती ती एकच, मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेली. ते पाहून तिने दोनदा ठरवले की गप्प राहायचे. मग पहाटे केव्हातरी तिच्या मनात आले की त्या चार हजारांतही प्रत्येकजण असाच कुठेतरी भिंतीला टेकून बसलेला असेल आणि त्याच्या ताटातली भाकरीही वाळत असेल. यात मोठेपणाचे काही नव्हते. ती फार दमली होती, आणि रोज तीन तास खोटे चुकत बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती, हेही तितकेच खरे होते. दोन्हींतले कोणते कारण मोठे ते तिला पुढेही कधी ठरवता आले नाही.

सकाळी तिने केंद्रात जाऊन कागद मागितला आणि लिहून दिले. निटूरे मॅडमनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी आपला शिक्का काढला आणि तारीख टाकली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या रागावल्या नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “फैयाजभाईंच्या वेळी मी पुष्पगुच्छ मागवला होता. तुला काही देता येत नाही मला.”

महासराव पाच दिवस पुढे गेला. तांत्रिक कारणाने, एवढेच वर्तमानपत्रात आले. उरलेल्या मानकांनी रविवारीही बसून प्रश्न पुन्हा तोलले. तनिष्काच्या नावापुढे पात्रता रद्द असे दोन शब्द उमटले आणि ट्यूशनवाल्यांनी तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली. ती घरी आली, दप्तर कपाटावर टाकले आणि त्यानंतर दीड महिना प्रांजलीशी बोलली नाही. वाढलेले जेवायची, विचारले तर हूं म्हणायची. अप्पा दोघींशीही जपून बोलायचे. आईने एकदाच तोंड उघडले. ती म्हणाली की मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण घरात बसून राहिलीस तर आजारी पडशील, माझ्याबरोबर मेसला चल.

प्रांजली जाऊ लागली. सकाळी शंभर मुलींचा नाश्ता, मग दोन वेळचा स्वयंपाक. ती भाज्या चिरायची, भाकऱ्या थापायची. मुली ताटे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की त्यांचे बोलणे कानावर पडायचे. महासरावाचा निकाल लागला त्या दिवशी एक उंच, वेणी घातलेली मुलगी वाढपाच्या टेबलाशी आली आणि रडायला लागली. प्रांजली घाबरली. तिने विचारले तर ती म्हणाली, काकू, चारशे एक्कावन्न पडले. मग तिलाच हसू फुटले आणि तिने दोन भाकऱ्या जास्त मागितल्या. प्रांजलीने वाढल्या. या पोरीचा तो एक गुण आपल्या लिहून देण्याने राहिला, की तसाही राहिलाच असता, हे कुणालाही सांगता येण्यासारखे नव्हते. मुलीचे नावही तिने विचारले नाही. ती पुढच्या ताटाकडे वळली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी तनिष्का मेसमध्ये आली. याआधी ती तिथे कधी आली नव्हती. आई मागे तांदूळ निवडत होती. तनिष्काने चपला काढल्या, भाकऱ्या थापत बसलेल्या प्रांजलीच्या शेजारी फरशीवर बसली आणि समोरची मेथीची जुडी ओढून पाने खुडू लागली.

“मी पुढच्या वर्षी बसणार आहे,” ती म्हणाली.

“बरं.”

“राग गेलेला नाही माझा.”

“असू दे.”

तनिष्काने काड्या एका बाजूला केल्या. मग मान वर न करता म्हणाली की केंद्राच्या यादीतून नाव गेले म्हणजे आता प्रांजलीलाही परीक्षेला बसता येते, तिने नियम काढून पाहिले आहेत. वयाची अट नाही. बसायचे असेल तर बस, पण मला काही विचारायचे नाही, मला माझ्या गतीने करू दे.

प्रांजलीच्या हाताला पीठ लागले होते. परीक्षा हा शब्द ऐकला की अजून तिची मान आखडायची. पुन्हा एकशे ऐंशी प्रश्न, पुन्हा तीन तास. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले, ती सुटेपर्यंत वाट पाहिली.

“विचारावं लागेल गं,” ती म्हणाली. “मला पुष्कळ येत नाही.”

तनिष्का हसली नाही. तिने उरलेली पाने पातेल्यात टाकली आणि हात झटकले.

“मग विचार,” ती म्हणाली.

बाहेर मुली हात धुवायला जमल्या होत्या. आईने आतून हाक मारली. दोघी उठल्या आणि ताटे मांडू लागल्या.